मच्छरदाणी आणि चढणीचे मासे

वह्या मिटा. पुस्तकंही दप्तरात घाला. आजचा धडा पुस्तकात नाही, आणि तो संपेपर्यंत घंटा झाली तरी कोणी जागचं हलायचं नाही.

परवाच्या रविवारी तुमच्यातल्या काही जणांनी बंधाऱ्याखाली काय केलं, ते मला कोणी चहाडी करून सांगितलेलं नाही. तुम्हीच ते मोबाइलच्या स्टेटसवर टाकलंत. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. नाल्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत ताणून बांधलेली मच्छरदाणी, गुडघाभर गढूळ पाणी, आणि खताच्या रिकाम्या गोणीत तडफडणारे मासे. त्यातली रोहूची एक मादी कोणीतरी उचलून धरली आहे. अंगठ्याने तिचं पोट दाबलं जातंय, पिवळसर गाभोळी बोटांवरून ओघळतेय, आणि मागून शिट्ट्या ऐकू येताहेत. तो हात कोणाचा ते मला ठाऊक आहे. नाव घेणार नाही, कारण शिट्ट्या एकट्याच्या नव्हत्या.

माना खाली घालून उपयोग नाही. वर बघा.

तुम्ही मासे धरलेत म्हणून मी रागावलेलो नाही, हे आधी नीट समजून घ्या. मासे धरणं हे पाप नाही. या वर्गात भोयांची मुलं आहेत, भिलांची आहेत, पावरा आणि मावची घरांतली आहेत. मासे धरणं तुमच्या घरातलं ज्ञान आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी कमी लेखलं तर मी त्याला वर्गाबाहेर काढीन. माझा राग तुम्ही कधी, कशाने आणि कोणता मासा धरलात यावर आहे. गेल्या वर्षी परीक्षेत ‘अतिमासेमारी म्हणजे काय’ याचं उत्तर तुम्ही पाठ करून लिहिलंत. मी गुणही दिले. समुद्र, ट्रॉलर, मोठमोठी जाळी, सगळं त्यात होतं. तीच गोष्ट तुमच्या हाताने, तुमच्या नाल्यात घडते तेव्हा तिचं नाव तुम्हाला आठवत नाही?

मग ऐका, तो मासा तिथे कशाला आला होता. पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यानाल्यांचं गढूळ पाणी तापीत उतरतं. तोवर खोल डोहात, बंधाऱ्याच्या फुगवट्यात राहिलेले मासे त्या पाण्याची चाहूल घेतात आणि प्रवाहाच्या उलट वर निघतात. चढणीचे मासे म्हणतो ते हेच. ते चारा शोधायला चढत नाहीत, अंडी घालायला चढतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं आणि काठावरची पसरट, उथळ जागा लागते. म्हणून तर गावतळ्यात किंवा शेततळ्यात दरवर्षी बाहेरून मत्स्यबीज आणून सोडावं लागतं. तळ्यात मासा वाढतो, पण त्याची पुढची पिढी तिथे आपोआप होत नाही. ती होते नदीत, आणि वर्षातून याच काही दिवसांत.

रोहूच्या मादीला वयात यायला दोनेक वर्षं लागतात. त्यानंतर तिच्या वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी तयार होतात. आकडा ऐकून खूश होऊ नका. त्यातली बहुतेक अंडी आणि पिल्लं दुसरे मासे खातात, बगळे खातात, पाण्यातले किडे खातात, काही पूर ओसरल्यावर डबक्यात अडकून सुकतात. लाखातली मोजकी मोठी होतात. ही सगळी तूट भरून काढायलाच तेवढी अंडी लागतात. दोन उन्हाळे आटलेल्या पाण्यात काढून, कितीतरी जाळी चुकवून ती मादी त्या नाल्याच्या तोंडाशी पोहोचली होती. आणखी थोडं अंतर गेली असती तर तिचं काम झालं असतं. मग तुम्ही धरली असती तरी मी एक अक्षर बोललो नसतो.

मृगाच्या तोंडावर घरात बियाण्याची म्हणून राखलेली ज्वारी कोणी दळायला टाकली, तर तुमची आजी त्याला उंबऱ्याच्या आत घेईल का? घरात उपासमार असली तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नसतो, हे तुम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. नदीचं बियाणं मात्र तुम्ही भरदिवसा पोतं भरून आणलंत आणि वर त्याचं चित्रीकरण केलंत.

आता मच्छरदाणीबद्दल. ती जाळी तुम्ही कुठून आणली ते मी विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. हिवतापाच्या गावांत आरोग्य खातं ज्या मच्छरदाण्या वाटतं, त्यांच्या धाग्यात डेल्टामेथ्रीनसारखं कीटकनाशक मुरवलेलं असतं. माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. मासे, झिंगे आणि पाण्यातले किडे यांना मात्र ते फार विषारी आहे. म्हणूनच ती मच्छरदाणी धुतलेलं पाणी नदीत किंवा तळ्यात ओतू नका अशी सूचना दिलेली असते. धुतलेलं पाणीसुद्धा ओतायचं नाही, तिथे तुम्ही अख्खी मच्छरदाणीच पाण्यात ताणलीत. शिवाय तिची छिद्रं बघा. डासाला अडवणारी छिद्रं आहेत ती. त्यातून बोटभर पिल्लू सोडा, बोटाच्या पेराएवढं पोरही सुटत नाही. साध्या जाळ्यातून लहान मासा निसटतो, ती काही जाळ्याची खोट नाही. जाळं विणणाऱ्याने ते अंतर ठरवून ठेवलेलं असतं. तुमच्या मच्छरदाणीने तो हिशेबच पुसून टाकला. आणि त्या रात्री तुमच्या घरातलं कोणतं लहान भावंड मच्छरदाणीवाचून झोपलं, याचा विचार कोणाच्या मनात आला का?

सबबी मला ठाऊक आहेत. एकेक घेऊ.

‘सर, आमचे आजोबापण चढणीचे मासे धरायचे.’ धरायचे. मी नाही म्हणत नाही. तुमच्या आजोबांकडे बांबूच्या कामट्यांचा सापळा होता, त्याच्या फटींतून लहान मासा पाण्याबरोबर निघून जायचा. त्यांच्याकडे बर्फाची पेटी नव्हती. धरलेला मासा त्या दिवशी घरात आणि शेजारी जेवढा खपेल तेवढाच कामाचा होता, म्हणून तेवढाच धरला जायचा. मोटरसायकलवर पोतं टाकून शहाद्याच्या बाजारात नेऊन विकायची सोय नव्हती. नदीवर जागोजागी बंधारे नव्हते. आज प्रकाशाला बॅरेज आहे, सारंगखेड्याला आहे, खाली गुजरातेत उकाई आहे. मासा पूर्वी कितीतरी लांब चढू शकायचा, आता तो भिंतीपाशी येऊन अडतो आणि तिथेच गोळा होतो. जिथे तो अडतो तिथेच तुम्ही जाळी घेऊन उभे. आजोबांचं नाव पुढे करायचं असेल तर आजोबांचा सापळाही पुढे करा. आणि हेही सांगतो, जुनं ते सगळं सोनं नव्हतं. गेळाची फळं कुटून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे ही रीत याच भागात होती. पण ते आटलेल्या उन्हाळी डोहात चालायचं, एका डोहापुरतं, आणि पाऊस आला की सगळं धुऊन जायचं. आज त्याच्या जागी कपाशीवर मारायचं औषध ओततात. मी स्वतः उन्हाळ्यात एका डोहावर पांढऱ्या पोटांचे मासे तरंगताना पाहिले आहेत. त्यात बोटाएवढे होते, वाम होती, खेकडे होते. खालच्या अंगाला बाया कपडे धूत होत्या आणि म्हशी पाण्यात बसल्या होत्या. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारायला या देशात १८९७ सालच्या कायद्यापासून बंदी आहे. इंग्रजांच्या राज्यात झालेला कायदा आहे तो. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी आपल्याला ते कळत नसेल, तर शाळा काढून काय उपयोग झाला?

‘सर, नदी कोना बापनी शे?’ हे वाक्य मी पालकसभेतही ऐकलं आहे, आणि बोलणाऱ्याला वाटतं की याच्यापुढे उत्तर नाही. उत्तर आहे. कोणा एकाची नाही, म्हणूनच ओरबाडायची नाही. तुझ्या बापाच्या शेतातली केळी मी रात्रीतून तोडून नेली तर तू पोलिसांत जाशील. नदीतला मासा मात्र जो आधी पोहोचेल त्याचा, आणि जो थांबेल तो मूर्ख, असा नियम तुम्ही केलात. या नियमाने पहिला कोण मरतो माहीत आहे? ज्याला शेत नाही, नोकरी नाही, आणि ज्याच्या चुलीवर आठवड्यातून दोनदा जे काही सत्त्वाचं शिजतं ते त्या नदीतूनच येतं, तो. आपल्या जिल्ह्यात कुपोषित मुलांची नावं काय फक्त धडगाव-मोलगीच्या रजिस्टरांतच आहेत? अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत अंडं मिळतं, ते चांगलंच आहे. पण काट्यासकट चावून खाल्लेला लहान नदीचा मासा पोराला जे देतो, त्यासाठी कोणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही. तो मासा तुम्ही संपवताय.

तुमच्यात काही मुलं रोझव्याच्या, सोमावलच्या पुनर्वसनातली आहेत. तुम्ही तरी उभं राहून सांगायला हवं होतं, कारण पाण्याने काय नेलं ते तुमच्या घरात माहीत आहे. सरदार सरोवरात आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडिताखाली आली. मणिबेलीत पाणी शिरलं ते १९९३ साली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण भरलं. शेतं गेली, नर्मदेच्या काठचा गाळ गेला, कलिंगडं-काकड्यांच्या वाड्या गेल्या, जंगलात जायच्या वाटा पाण्याखाली गेल्या. जे मागे डोंगरावर राहिले त्यांच्यासमोर उरलं फक्त पाणी. त्यांनी त्या पाण्यातून जगायचं ठरवलं. होड्या घेतल्या, जाळी घेतली, मच्छीमार सहकारी संस्था उभ्या केल्या. ज्या पाण्याने आमची जमीन घेतली त्या पाण्यातल्या माशांवर पहिला हक्क आमचा, ठेकेदाराचा नाही, हे ते सरकारला सांगत आले. नर्मदेचा महाशीर, ज्याला मध्य प्रदेशाने २०११ मध्ये राज्याचा मासा ठरवलं, तो वाहत्या, खडकाळ, स्वच्छ पाण्यातला जीव. साठलेल्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. म्हणजे त्या माणसांना नदीतला मूळचा मासाही पूर्वीसारखा मिळत नाही. जे मिळतं ते राखावं लागतं, वाढवावं लागतं.

राखता येतं का? येतं. याच नर्मदेची एक उपनदी आहे तवा. मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, तिच्यावर धरण झालं आणि गोंड-कोरकू आदिवासींची गावं बुडाली. धरणातली मासेमारी ठेकेदाराकडे गेली, आणि ज्यांची जमीन बुडाली ते त्याच पाण्यावर मजूर झाले. मग ते संघटित झाले, लढले, आणि १९९६ मध्ये तवा मत्स्य संघाने जलाशयाचा ठेका मिळवला. ठेका मिळाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल? होतं नव्हतं तेवढं मारून पैसा केला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. त्यांनी दरवर्षी मत्स्यबीज सोडलं. पावसाळ्यात, १६ जून ते १५ ऑगस्ट या बंदीच्या दिवसांत, स्वतः जाळी गुंडाळून ठेवली आणि रात्री होड्या घेऊन चोरट्या मासेमारीवर पहारा केला. ज्या माणसांना सावकाराने लुटलं, ठेकेदाराने लुटलं, ज्यांच्या घरात धान्याची कोठी कधी भरली नाही, ती माणसं अंड्यांवरच्या माशाला हात लावत नव्हती. आणि ठेकेदाराच्या काळापेक्षा मासळी वाढली. दहा वर्षं त्यांनी ते करून दाखवलं. पुढे व्याघ्र प्रकल्पाचं कारण देऊन ठेका पुढे चालवू दिला नाही, ही सरकारची चूक, त्यांची नव्हे. त्यांना दोन महिने थांबता आलं. तुमच्या घरी संध्याकाळी भाकर असताना तुम्हाला एक रविवार थांबता आलं नाही.

पोरं आहेत, वयच असं आहे, असं म्हणणारे बाहेर बरेच आहेत. हे बोलणं त्यांच्यापर्यंतही पोहोचेल, तेव्हा त्यांचं त्यांनी ऐकावं. गोणीतले मासे या मुलांनी खाल्ले नाहीत, विकले. घेतले कोणी? गाभोळी भरलेल्या मादीला जास्त भाव कोण देतं? ज्यांच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो त्यांनी दिला. त्यात शिक्षक आहेत, कार्यालयांतले कारकून आहेत, दवाखान्यातले आहेत. ‘अंड्यांवरची असेल तर ठेव रे माझ्यासाठी’ असं फोनवर सांगून ठेवणारी माणसं मला माहीत आहेत. मुलाच्या हातात मच्छरदाणी देणारा हा भाव आहे. आषाढात गाभोळी विकत घेणारा सुशिक्षित माणूस त्या पोराहून अधिक दोषी आहे, हे मी त्यांच्या तोंडावर बोललो आहे आणि पुन्हा बोलेन. पण यामुळे तुम्ही सुटत नाही. कोणी भाव दिला म्हणून प्रत्येक गोष्ट विकायची नसते.

राहिली शेवटची सबब, तुमची आवडती. ‘खरी लूट समुद्रात चालते सर, आम्ही कुठे समुद्रावर राहतो?’ समुद्रातली लूट खरी आहे. जगातल्या समुद्री माशांचे जे साठे मोजले जातात त्यांतले १९७४ मध्ये सुमारे दहा टक्के अति उपशाखाली होते, आज एक तृतीयांशाहून जास्त आहेत. आपल्या कोकण किनाऱ्यावर २०१९ मध्ये अवघी २ लाख १ हजार टन मासळी उतरली, पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात कमी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची ही मोजणी आहे. त्या वर्षी वादळांनी होड्या किनाऱ्यावर अडकून पडल्या, हेही खरं. पण एका वर्षाच्या वादळाने पापलेटाचा आकार लहान होत नाही. तो लहान होतो पिल्लं मारल्याने. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर. बोंबील १८०.

आता सांगा, समुद्र तुमच्यापासून लांब आहे का? आपल्या प्रत्येक आठवडे बाजारात, मोलगीपासून नवापूरपर्यंत, गोणपाटावर काय पसरलेलं असतं? सुके बोंबील, सुकट, जवळा. पावसात भाजी महागली की तुमच्याच घरात बोंबलाचा रस्सा होतो. म्हणजे तुम्ही समुद्राचे गिऱ्हाईक आहात, पिढ्यान्‌पिढ्या आहात. बोटीवर जो मासा चढतो तो कोणीतरी घेतं म्हणून चढतो. इथे मला तुमच्या कंपासपेटीतली पट्टी हवी आहे. पुढच्या बाजारात बोंबलाची जुडी हातात घ्या आणि मोजा. वाळल्यावर तो थोडा आकसतो, तेवढी सूट द्या. पण विताच्या निम्म्याएवढे, काडीसारखे बोंबील ढिगाने दिसले तर ती पोरं आहेत हे समजा, आणि आईला सांगा की हे नको, ते मोठे घे. आई विचारेल, मग जवळा इतका बारीक असतो, तोही सोडायचा का? नाही. जवळा ही मुळातच बारीक कोळंबीची जात आहे. दोन-चार सेंटिमीटरचा जवळा पूर्ण वाढलेला असतो, झपाट्याने वाढतो आणि थोडं जगतो. मांदेलीही काही हातभर होत नाही. लहान दिसलं की पोर, असं सरसकट ठरवणारा आणि काही न बघता घेणारा, दोघेही अभ्यास न केलेलेच. कोणती जात केवढी होते ते माहीत करून घ्यावं लागतं. ढिगात हात घालून पाहा, जवळ्यात मिसळलेली चपटी, चकचकीत, नाण्याएवढी पिल्लं सापडतील. ती दुसऱ्याच कोणत्या तरी मोठ्या माशाची असतात, जाळं बारीक असल्यामुळे आलेली. ती बघा, विक्रेत्या मावशींना विचारा. त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त माहीत असतं. त्यांच्याशी उर्मटपणे बोललात तर मात्र माझ्याशी गाठ आहे.

किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ती बंदी आणखी वाढवा, अशी मागणी कोण करतं ठाऊक आहे? पालघरकडचे मच्छीमारच करतात. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे ते म्हणतात आम्हाला जास्त दिवस थांबवा. कारण न थांबल्याचं फळ त्यांनी पाहिलं आहे.

जगानेही पाहिलं आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलंड नावाचा मुलूख आहे. तिथल्या कॉड माशावर पाचशे वर्षं माणसं जगली. १९६८ मध्ये तिथे एका वर्षात आठ लाख टन कॉड काढला गेला, मोठमोठ्या कारखान्यांसारख्या जहाजांनी. शास्त्रज्ञ आणि किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार ओरडत राहिले, कोणी ऐकलं नाही. २ जुलै १९९२ या दिवशी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांच्या आसपास माणसांचा धंदा गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती, उठायला २०२४ उजाडलं, आणि उठली तेव्हाही पूर्वीच्या मानाने चिमूटभर मासा धरायची परवानगी मिळाली. तुमच्या बापाचं अख्खं कामकरी आयुष्य जाईल एवढा काळ आहे हा.

याच्या उलट बांगलादेश बघा. तिथे इलिश म्हणजे हिलसा. समुद्रातून नदीत चढणारा मासा, अगदी तुमच्या चढणीच्या माशांसारखा. आपल्या नर्मदेतही तो भडोचकडून चढायचा. बांगलादेशाने २५ सेंटिमीटरखालचं पिल्लू धरायला बंदी घातली आणि अंडी घालायच्या दिवसांत, ऑक्टोबरात, बावीस दिवस पूर्ण बंद. पण नुसता कायदा करून ते थांबले नाहीत, त्या दिवसांत मच्छीमार कुटुंबांना तांदूळ दिला. २००२-०३ मध्ये तिथे दोन लाख टनांच्या आसपास हिलसा मिळत होता, पंधरा वर्षांनी पाच लाखांवर गेला. तो तांदूळ विसरू नका. आपल्याकडे जो कोणी साहेब फक्त ‘मासे धरू नका’ म्हणून सांगेल आणि चढणीच्या दिवसांत भोयाच्या आणि भिलाच्या चुलीचं काय, याला उत्तर देणार नाही, त्याचं बोलणं अर्धवट आहे, आणि ते तसं आहे हे त्याला सांगायला तुम्ही शिकलं पाहिजे. ग्रामसभेत हा विषय निघाला पाहिजे. तो कसा मांडायचा, अर्ज कसा लिहायचा, हे मी शिकवीन. अर्ज मात्र तुम्ही लिहायचा.

आता काय करायचं ते सांगतो, आणि हे सुचवणं नाही.

मच्छरदाण्या उद्या सकाळी माझ्या टेबलावर. फाटलेल्या असल्या तरी. त्या आशाताईंना दाखवून, ज्या वापरता येतील त्या घरी खाटेवर परत जातील. पुरत्या फाटलेल्या मी ताब्यात घेईन. नदीत, नाल्यात, विहिरीत एकही जायची नाही.

पोळ्यापर्यंत नाल्याच्या तोंडाशी कोणी जाळं, दाणी, साडी, काहीही लावायचं नाही. काठावर बसून गळ टाकायचा असेल तर टाका, आणि गळाला पोट फुगलेली मादी लागली तर ती पाण्याबाहेर फार वेळ न धरता सोडून द्या. ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडूनही ती मरते. मासा खायचाच असेल तर बाजारात चिलापी मागा. परकी जात आहे, साठलेल्या पाण्यात भराभर वाढते, उजनीत तिने किती जागा बळकावली ते सोलापूरकडच्या कोणालाही विचारा. तिच्यावर ताव मारलात तरी नदीचं काही जाणार नाही. आफ्रिकन मांगूर मात्र कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घ्यायचा नाही. त्याच्या पैदाशीला देशात बंदी आहे, आणि पुरात तळ्यातून निसटून तो नदीत गेला तर समोर येईल ते खातो.

आणि ज्या मुलाने ती मादी हातात धरली होती, त्याने आजच्या आज तो व्हिडिओ काढून टाकायचा. लपवायला म्हणून नव्हे. तो बघून आणखी दहा गावांतली पोरं पुढच्या रविवारी जाळी घेऊन निघतील, म्हणून.

प्रयोगवहीत शेवटून चार पानं सोडून एक तक्ता आखा. पहिल्या रकान्यात माशाचं नाव, तुमच्या घरात जे म्हणतात तेच. पावरीत असेल, मावचीत असेल, अहिराणीत असेल, मला चालेल. पुढे तो कोणत्या महिन्यात दिसतो, पूर्वी दिसायचा आणि आता दिसत नाही असा आहे का, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो. हे पुस्तकात सापडणार नाही. आजोबांना, आजीला, नदीवर जाणाऱ्या काकाला विचारावं लागेल. विचारताना त्यांचं वयही शेजारी लिहा, म्हणजे कोणत्या सालची आठवण आहे ते कळेल. निदान दहा नावं हवीत. जो ‘मासा’ एवढंच लिहून आणेल त्याची वही मी परत करीन.

शनिवारी सकाळची शाळा आहे. तक्ता पूर्ण करून आणा, आणि पट्टी विसरू नका, शाळा सुटल्यावर आपण बाजारात जाणार आहोत.